पाण्यात उरलेली माणसं

मेलेल्या माणसाला फोटोत आणून उभं करणं हे आमच्या स्टुडिओचं रोजचं काम. मोहाडीच्या बसस्टँडकडून बाजाराकडे जाताना दुकान लागतं. पाटीवर ‘फोटो, व्हिडिओ शूटिंग, मिक्सिंग’ असं लिहिलंय, पण लोक येतात ते जास्त करून याच कामासाठी. पोरीचं लग्न झालेलं असतं, बाप आधीच गेलेला असतो. मग त्याचा आधार कार्डावरचा नाहीतर कुठल्यातरी मंडईच्या जत्रेतला फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, “बाई, यायले मांडवात उभं करून द्या.” मी देते करून. मान जरा सरळ करते, अंगात दुसऱ्या कुणाचा पांढरा सदरा चढवते, पायाशी सावली टाकते, की झाला बाप लेकीच्या मागे उभा.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या माहेरच्या शेजारच्या काकू अशाच आल्या होत्या. त्यांच्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं आणि काकाजी त्याआधीच्या थंडीत गेलेले. काकूंकडे काकाजींचा धड असा एकच फोटो, तोही छत्री धरलेला. हा माणूस बारा महिने छत्री घेऊन फिरायचा, ऊन असो की नसो. त्या छत्रीची एक काडी मोडून खाली लोंबत असायची. पोरं मागे लागायची, “काकाजी, काडी पडली, काडी पडली!” काकू मला म्हणाल्या, “छत्री काढून टाक वो बाई, मांडवात कायची छत्री?” मी छत्री पुसली. पण हात तसाच राहिला, हवेत वर धरलेला, मुठीत काही नाही. बघणाऱ्यांना वाटतं, आशीर्वाद देऊन राहिले. काकूंनी तो फोटो देवाजवळ लावला आणि मला घरच्या तांदळाचं पोतं पाठवलं. यात काही खोटं आहे असं त्यांना वाटलं नाही, मलाही नाही. खोट्याची भीती वाटायची वेळच आली नव्हती तोवर.

माझा धाकटा भाऊ गावीच असतो, वहिनी आणि दोन मुली घेऊन. गावाला मोठा तलाव आहे, सगळ्या गावाचं धान त्या तलावावर. पाळीखालून, म्हणजे तलावाच्या बांधाखालून, पाणी सोडायची जी मोरी असते तिला आम्ही तुडूम म्हणतो. पाण्यात उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, प्रत्येक पायरीला भोक आणि भोकात लाकडी खुंटी. खुंटी उपसली की पाणी नहरात जातं. दरवर्षी पहिल्यांदा तुडूम उघडताना पूजा होते. बायामाणसं पाळीवर जमतात, नारळ फुटतो, आणि मग माझा भाऊ गुडघाभर पाण्यात उतरून पहिली खुंटी उपसतो. हे काम आधी आमच्या बाबांकडे होतं, आता त्याच्याकडे आहे. स्वतःच्या लग्नात लाजला नसेल एवढा तो त्या दिवशी टिळा लावून घेताना लाजतो. एरवी गावात त्याचा आवाज कुणी ऐकला असेल तर शपथ.

यंदा अश्विनात पावसाने ताण दिला. धान गर्भात आलेलं, म्हणजे लोंबी अजून पोटातच, आणि याच वेळी त्याला पाणी लागतं. अशात एका रात्री कुणीतरी तुडुमाच्या खालपर्यंतच्या खुंट्या उपसल्या. सकाळी लोक गेले तर अर्धाअधिक तलाव नाल्याने वाहून गेलेला. शेवटच्या बांध्यांना, म्हणजे नहराच्या टोकाच्या शेतांना, आता पाणी मिळणार नव्हतं. कुणी म्हणे मासे सोपे सापडावे म्हणून केलं, कुणी म्हणे जुनं वैर. माझा भाऊ दिवसभर खुंट्या शोधत चिखलात फिरला आणि पुन्हा बसवून आला.

मग एका सकाळी वहिनीचा फोन आला. मी नुकतंच दुकान उघडलं होतं, हातात केरसुणी होती.

“ताई, ग्रुपवर पायलं का तुमी?” तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला आधी ओळखूच आला नाही. “यायचा व्हिडिओ आला. लोक दारात जमून राहिले वो. यायले देवळात घेऊन गेले. मी काय करू?”

मी व्हिडिओ उघडला. निळसर अंधार. पाळीवर चिटपाखरू नाही. माझा भाऊ एकटा पाण्यात उभा, वाकतो, खुंटी उपसतो. संपला. खाली लिहिलेलं, ‘हा पाहा पाणीचोर. गाव झोपलं आणि हा तलाव खाली करून राहिला.’ आणि त्याखाली आमच्याच गावच्या लोकांचे एकेक व्हॉइस मेसेज. एकजण म्हणत होता, याले त्याच तुडुमात कोंबा. हा आवाज मी ओळखते, याच्या बारशाचे फोटो मी काढलेत.

आणि खरं तेच सांगते, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही तो खरा वाटला. जन्म गेला माझा मिक्सिंग करण्यात, आणि मी भर दुकानात एकटीच मोठ्याने म्हणाले, “बाबू, असं काहून केलं रे?” तो स्वतःचाच आवाज ऐकून मला जास्त भेव वाटलं. सख्खी बहीण जर एका मिनिटात पलटते, तर गावाने काय करावं?

दुसऱ्यांदा पाहताना मोबाईल काउंटरवर ठेवला. तेव्हा दिसलं. वाकण्याआधी तो ओंजळ पाण्याला लावतो आणि कपाळाला नेतो. बाबा करायचे तसंच. अगं, पण चोरी करायला गेलेला माणूस नमस्कार कशाला करेल? आणि मग आठवलं, हे तर मी काढलेलं शूटिंग! गेल्या वर्षीच्या पूजेचं. दुकानाच्या पेजवर मीच टाकलं होतं, चार गिऱ्हाइकं वाढतील म्हणून.

हार्डडिस्क लावली, मूळ व्हिडिओ काढला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. तेच वाकणं, तीच ओंजळ. माझ्या व्हिडिओत टळटळीत दुपार आहे आणि पाळीवर सगळं गाव दाटीने उभं आहे. पाळ तिथे वळण घेते. मी वळणाच्या अलीकडे होते, माणसं पलीकडे, मध्ये पाणी. त्या मेल्याने दुपारची रात्र केली होती, आवाज काढून टाकला होता आणि पाळीवरची माणसं एकूणएक पुसली होती. हात सफाईचा होता, कबूल करते. मी तरी याहून काय बरं केलं असतं?

खोट्या व्हिडिओचा उजेड मी चढवत नेला, कुठे एखादी कड सुटलीय का ते बघायला. वर पाळीवर काळं ते काळंच राहिलं, तिथे त्याने डांबर फासल्यासारखं केलं होतं. पण खाली पाण्यात हळूहळू रंग वर यायला लागले. लाल, हिरवं, मग पांढरं. मी खुर्चीतून उठलेच. पाण्यात माणसं उभी होती, डोकं खाली, पाय वर. पाळीवरची सगळी पुसली, पण त्यांची पाण्यातली सावली पुसायला विसरला लेकाचा! वरवर अंधार केला म्हणजे झालं, असं समजून पुढे गेला असणार.

जिवात जीव आला. लॅपटॉप पिशवीत घातला, दुकानाचं शटर अर्धंच ओढलं आणि गाडी काढली.

रस्ताभर मी स्वतःला सांगत होते, पुरावा आहे, आता कशाला घाबरतेस. गावात शिरले आणि ते सगळं विरलं. माहेरवाशीण आली की दर दुसऱ्या दारातून हाक येते, “कवा आली वो बाई?” त्या दिवशी एकही हाक नाही. ओट्यावरच्या बाया मला बघून आत गेल्या. ज्या घरी मी लहानपणी जेवले त्या घराचं दार माझ्यासमोर लागलं.

देवळाच्या पडवीत भाऊ खाली बसला होता आणि बाकीचे उभे. त्याच्या सदऱ्याची बटणं तुटलेली, गालावर चिखल की आणखी काय ते मी नीट पाहिलं नाही, माझी हिंमत झाली नाही. वहिनी खांबाला धरून होती. भाऊ मला पाहून एवढंच म्हणाला, “ताई, तू काहून आली? तू जाय इथून.”

तलाव समितीचे अध्यक्ष मधोमध उभे होते. वाईट माणूस नाही, त्यांचंही शेत टोकालाच आहे आणि धान वाळून राहिलेलं. मी लॅपटॉप पायरीवर ठेवला आणि दोन्ही व्हिडिओ लावले. सांगितलं, हे गेल्या वर्षीच्या पूजेचं आहे, हे बघा, वाकायच्या आधी पाण्याला नमस्कार करतो.

“चोर बी देवाले हात जोडूनच चोरीले जाते,” मागून कुणीतरी म्हणालं.

मी पाण्यातली माणसं दाखवली. अध्यक्ष वाकून बघत राहिले. मग सरळ झाले आणि अगदी शांतपणे मला विचारलं, “बाई, माया बापाले तू माया पोरीच्या लग्नात उभं केलं ना?”

“हाव,” मी म्हटलं.

“तो तं कवाचाच मेलता.”

मी मान डोलावली.

“मंग? तू तं मेलेला माणूस जिता करते. चार लोक पाण्यात उलटे लटकवणं तुले काय जड आहे? भाऊ आहे तुया. कोणीबी करन.”

“तुमी स्वतः होते ना पूजेले? तुमच्याच हातात नारळ आहे, पाहा!”

“मी दरवर्षीच असतो. पण हे तेच कायच्यावरून?”

“तारीख आहे याच्यात.”

“तारीख तं लग्नाच्या फोटोवर बी टाकते तू.”

तिथे उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी माझ्या हातचा एक मेलेला माणूस भिंतीवर होता, आणि ते सगळे माझ्याकडे बघत होते. पाचावर धारण बसणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. मी जितकं दाखवत जाईन तितकी खोटी ठरत जाणार होते. आवाज चढायला लागले. पोलिसात कायले जायचं, कुणी म्हणालं, आपणच पाहू. बैलगाडीच्या बाजूचा दांडा, उभारी, कुणाच्या तरी हातात आली, कुणाच्या ते मला आजही सांगवत नाही. वहिनी मधे पडली तर तिला खांद्याला धरून बाजूला केलं. भाऊ खालीच बसून होता, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. लहानपणी बाबा रागावले की असाच बसायचा.

ते पाहून मी किंचाळले. काय शब्द निघाले ते छापण्यासारखे नाहीत. पण शेवटी म्हणाले, “माया कॉम्प्युटरवर भरोसा नाही ना? नोको ठेवू! तुमचे मोबाईल काढा. तुमाले जो व्हिडिओ आला तोच उघडा. मी हात लावत नाही, हे पाहा!” आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभी राहिले.

अध्यक्षांनी मोबाईल काढला. मी लांबूनच सांगत गेले. नमस्कार करतो तिथे थांबवा. स्क्रीनशॉट घ्या. आता एडिटमध्ये जा, ब्राइटनेस वाढवा. अजून. अजून वाढवा.

“काही दिसत नाही,” ते म्हणाले.

उन्हामुळे दिसत नसेल म्हणून त्यांनी गळ्यातला दुपट्टा डोक्यावरून मोबाईलवर ओढला. दुपट्ट्याच्या आतून पुन्हा आवाज आला, “राखड आहे नुसती.” आणि मला ठाऊक होतं, ते खोटं बोलत नाहीत. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पाठवता पाठवता व्हिडिओ झिजतो, बारीकसारीक सगळं जातं. माझ्या दुकानातल्या मोठ्या पडद्यावर जे दिसलं ते या मोबाईलवर उरलंच नसेल तर? मी देवाचं नाव घेतलं नाही. मी फक्त त्या उभारीकडे बघत होते.

“पाळीवर नोको पाहू,” मी म्हटलं. “पाण्यात पाहा.”

तेवढ्यात बायांमधून काकू पुढे आल्या. त्या कधीपासून तिथे होत्या ते मला माहीतच नव्हतं. “आण इकडे,” म्हणाल्या आणि अध्यक्षांच्या हातातून मोबाईल चक्क ओढून घेतला. पदर पुढे घेऊन त्याच्या आत डोकं घातलं. किती वेळ गेला कोण जाणे. कुणीतरी खोकलं. मग मोबाईल त्यांनी उलटा केला, वरचं खाली. पुन्हा बघितलं.

“माय वो,” त्या म्हणाल्या. “हे तं आमचे होय.”

कुणाला काही कळेना. अध्यक्ष म्हणाले, “कोण?”

“हे काय. छत्री पाहा ना. काडी लोंबून राहिली.”

अध्यक्षांनी वाकून बघितलं. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. ज्याच्या हातात उभारी होती त्याने ती भिंतीला टेकवली आणि तोही बघायला आला. आता एकेकजण आपापला मोबाईल काढून उजेड चढवायला लागला. कुणाला काही दिसेना, कुणाला छत्रीची नुसती काळी टोपली दिसली, पण दोघातिघांना ती काडी दिसली. ती काडी साऱ्या गावाच्या ओळखीची होती.

काकू अध्यक्षांना म्हणाल्या, “तुमीच तं खांदा देल्ता यायले थंडीत. मंग परवाच्या रातच्याले हे पाळीवर छत्री धरून कसे उभे रायतीन?”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर आलेलं मला कळत होतं, हा बी तूच टाकला असशील. पण मोबाईल त्यांचा होता, त्यांच्याच बोटाने उजेड वाढला होता, आणि माझे हात अजून पाठीमागेच होते. त्यांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि भावाला म्हणाले, “ऊठ बापा. घरी जाय.”

माफी कुणी मागितली नाही. लोक पायात चपला सरकवत निघून गेले. एकाने जाता जाता मला विचारलं, “चहा घेते का बाई?” मला तिथेच भिंतीला टेकून ओकारी आली.

तो व्हिडिओ ज्या नंबरवरून आला तो ग्रुपमधून निघून गेला. तक्रार केली, पोलिसांनी लिहून घेतली, अजून कुणी सापडलेलं नाही. खुंट्या कुणी उपसल्या तेही नाही. कुणीतरी बसून सावकाश, घाई न करता माझ्या भावाच्या भोवतीचं सगळं गाव एकेक करून पुसलं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. तो माणूस आमच्या ओळखीचा आहे. कदाचित दुकानातही येऊन जात असेल. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की आधी मी त्याच्या हातांकडे बघते.

दिवाळीआधी काकू आल्या. म्हणाल्या, “पाण्यातले आमचे काढून दे वो बाई.”

मूळ व्हिडिओत काकाजी पाळीवर स्वच्छ दिसतात, तोच फोटो मी दाखवला. त्यांनी बघितला, हसल्या, म्हणाल्या, हाही दे. “पण तो बी दे. त्यायनं तुया भावाले वाचवलं.” मी विचारलं, तो धूसर आहे काकू, नाक-डोळे नीट करून देऊ का? “हात नोको लावू त्याले,” त्या म्हणाल्या. मी हात लावला नाही. फक्त सुलटा करून दिला.

परवा गावी गेले होते. भाऊ मला तलावावर घेऊन गेला. पूर्वी तिथे गेला की बोलायचा, कुठल्या बांधीला किती पाणी, कुणाचं धान कसं. आता गप्प असतो. पुढच्या वर्षी तुडूम उघडायला दुसरा माणूस पाहा, असं त्याने समितीला सांगून टाकलंय. आम्ही पाळीच्या वळणावर उभे राहिलो, मी पूजेच्या दिवशी उभी होते तिथेच.

तो म्हणाला, “ताई, पूजेच्या दिवशी वारा असता तं?”

मी खाली पाहिलं. उरल्यासुरल्या पाण्यावर वारा सुटला होता, आणि पाण्यात आम्ही दोघंही दिसत नव्हतो.